भांड्यांचा संच दिलात, आता परांचीवर चढायचं शिकवा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ, मुंबई

स. न. वि. वि.

मी कोळसा खाणीतला निवृत्त ओव्हरमन, म्हणजे पाळीतल्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख करणारा. नोकरीची शेवटची वर्षं खाणीच्या व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे नुसतं 'व्हीटीसी' म्हणतात तिथं, नव्या पोरांना शिकवण्यात गेली. बांधकाम हे माझं क्षेत्र नाही. तरी तुम्हाला लिहितोय, कारण राजुरा, वणी, बल्लारपूर या पट्ट्यातली पोरं आता एका जागी टिकत नाहीत. सहा महिने खाणीतल्या ठेकेदाराकडे, मग पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर, मग कुठल्या तरी महामार्गावर, मग परत इकडे. माणूस तोच, हातही तेच. खाणीच्या गेटवर त्याला विचारतात, "व्हीटी झालं का? फॉर्म ए दाखव." फॉर्म ए म्हणजे प्रशिक्षण झाल्याचं प्रमाणपत्र. पुण्यातल्या मजुरांच्या नाक्यावर मुकादम विचारतो, "येतो का? सातशे देतो." या दोन प्रश्नांत जे अंतर आहे ते कमी करणं तुमच्या हातात आहे.

खाणींसाठी व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम 1966 मध्ये आले. नवा माणूस असो, काम बदललेला असो किंवा ठेकेदाराचा असो, प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्याला कामाला लावता येत नाही. दर पाच वर्षांनी उजळणी. त्याच्या वरच्या जागांसाठी, म्हणजे सुरुंग उडवणारा शॉटफायरर, कामाची जागा तपासणारा मायनिंग सरदार आणि त्याच्या वरचा ओव्हरमन, यांच्यासाठी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा आणि त्यांचंच प्रमाणपत्र. हे सगळं कुणी मोठ्या मनानं दिलेलं नाही. खाणीतला प्रत्येक नियम कुणाच्या तरी मरणानंतर लिहिला गेलाय किंवा कडक झालाय. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून 375 माणसं गेली, त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय आमच्या पिढीतला एकही सरदार तयार झालेला नाही.

आता आम्ही शिकवतो काय, ते जरा सविस्तर सांगतो. 'सुरक्षा प्रशिक्षण' म्हटलं की बहुतेक साहेबांच्या डोळ्यांसमोर पडदा, प्रोजेक्टर आणि चहाचे कप येतात.

भूमिगत खाणीत छताला 'चाल' म्हणतात. चाल तपासायची म्हणजे लोखंडी टोकाची काठी घेऊन छत ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं शेजारच्या दगडाला टेकवायची. पक्का दगड ठणठणीत वाजतो, सुटलेला भद्द वाजतो. ते कुणालाही कळतं. पण कधी कधी आवाज ठीक येतो आणि बोटांना मात्र बारीक थरथर लागते. त्या थरथरीवर विश्वास ठेवायला शिकवावं लागतं, आणि ते फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. नव्या पोराचा हात धरून दगडाला लावावा लागतो. उभं कुठं राहायचं, हा दुसरा धडा. तपासून झालेल्या चालीखाली उभं राहून काठी पुढे लांबवायची, पाऊल नंतर टाकायचं. दहातली आठ पोरं पहिल्या दिवशी उलट करतात. आधी पुढे जातात आणि मग डोक्यावरचं छत ठोकतात. सरावाच्या गॅलरीत, म्हणजे खाणीतल्यासारख्या बोगद्यात, आम्ही मुद्दाम एक तुकडा सैल ठेवायचो. तो ज्याला सापडला नाही त्याला परत पहिल्यापासून. लेखी परीक्षेत पोरगा पहिला आला असला तरीही.

वायूचंही तसंच. मिथेन सव्वा टक्क्याला पोचला की माणसं बाहेर काढायची, हा आकडा पोपटासारखा सगळ्यांना पाठ असतो. अवघड धडा वेगळाच आहे. पुढे कुणी पडलेला दिसला तर धावत आत जायचं नाही. माणसाच्या अंगातली सगळी माया याच्या विरुद्ध ओढते. म्हणून तो प्रसंग पुन्हा पुन्हा करून घ्यावा लागतो. थांब, हवा तपास, खबर दे, मग पुढचं. बांधकामाच्या जागी, विहिरीत, मैल्याच्या टाकीत एकामागून एक दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. पहिला वायूनं जातो, बाकीचे त्याला काढायला म्हणून उतरतात. हा धडा त्यांना कुणी दिलेला नसतो.

आता तुमच्याकडचं बघू. 3 फेब्रुवारी 2022 ला पुण्यात येरवड्याच्या शास्त्रीनगरात स्लॅबसाठी बांधलेला सळयांचा सांगाडा कोसळून पाच मजूर गेले. 1 ऑगस्ट 2023 ला शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर पुलाच्या तुळया जागेवर बसवणारा गर्डर लाँचर कोसळला, 20 माणसं गेली. त्याच सप्टेंबरात ठाण्याच्या बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट पडली, सात जण गेले. या अपघातांत दोष कुणाचा, ते ठरवायला मी बसलेलो नाही. कामगार शिकलेला असता म्हणून लाँचर पडायचा थांबला असता, असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे मेलेल्याच्या माथी खापर फोडणं. पण असा प्रत्येक अपघात झाला की आपण मदतीची रक्कम जाहीर करतो आणि चौकशी समिती नेमतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शहराच्या नाक्यावरून, आयुष्यात परांची (उंचावर काम करायला बांधलेला पाइप-फळ्यांचा सांगाडा) न पाहिलेला मुलगा गाडीत बसवून विसाव्या मजल्यावर नेला जातो, आणि त्याला कुणीच काही विचारत नाही.

मंडळानं काहीच केलं नाही असं नाही. सुरक्षा संच दिलात. त्यात हेल्मेट आहे, बूट आहेत, उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेसही आहे. आमच्या गल्लीत तो संच आलेली घरं आहेत. एका घरच्या हार्नेसच्या पट्ट्यानं मोटारसायकलवर सिमेंटचं पोतं बांधलेलं मी पाहिलं. चांगला पट्टा आहे, पोतं हललं नाही. त्या माणसावर हसायला मी तयार नाही, कारण तो पट्टा कसा घालायचा हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. घालणं सोडा, हूक कशाला लावायचा हाच खरा प्रश्न. ज्या परांचीवर उभा आहे तिच्याच पाइपला लावला, तर परांची पडताना त्याला घेऊनच पडेल. पायाशी कुठंतरी लावला तर हिशेब असा होतो: दोर पावणेदोन-दोन मीटरचा, आणि पट्ट्याची कडी पाठीवर, म्हणजे पायापासून दीड मीटर वर. माणूस सव्वातीन-साडेतीन मीटर खाली गेल्यावर दोर ताणला जाणार. खालचा मजला तीन मीटरवर असेल, तर तो दोर ताणला जायच्या आधीच जमिनीवर आपटलेला असेल. हूक डोक्याच्या वर, आणि इमारतीच्या पक्क्या भागाला. एवढं एक वाक्य शिकवायला अर्धा तास लागतो, आणि करून घ्यायला आणखी अर्धा.

मग मंडळात नोंदणी असलेल्या कामगारांसाठी भांडी आली. ताटं, वाट्या, कुकर. त्यासाठी लागलेल्या रांगा साऱ्या महाराष्ट्रानं पाहिल्या. भांड्यांना मी नावं ठेवत नाही. गरिबाच्या घरात कुकर आला तर माझ्या पोटात दुखायचं कारण नाही. पण त्या रांगेत उभं राहायला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला कोण, कसा आणि कितीला देतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ज्यांनी कधी घमेलं उचललं नाही ते रांगेत पुढे, आणि जो खरा स्लॅबवर आहे तो रांगेत येऊच शकत नाही, कारण त्याची त्या दिवशीची हजेरी बुडते. नोंदणीच्या वेळी एकच गोष्ट खऱ्याला खोट्यापासून वेगळं करू शकली असती: हा माणूस कामाच्या जागी सुरक्षित उभा राहू शकतो का, ते करून बघणं. ते राहिलं.

कौशल्याच्या नावाखाली जे झालं, आरपीएल वगैरे, तेही मी पाहिलं आहे. 'आधीच येणाऱ्या कामाला मान्यता' ही कल्पना मला मनापासून पटते. पण त्यात प्लास्टर सरळ आहे का, वीट ओळंब्यात आहे का, यावर नजर जास्त. गवंड्याचं काम सफाईदार असणं आणि गवंडी संध्याकाळी घरी पोचणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

कायदे वेगळे आहेत, असं उत्तर पूर्वी देता यायचं. बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा खाणींना लागूच नव्हता, खाणींना 1952 चा खाण कायदा होता. आता ती सबब उरली नाही. व्यावसायिक सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत असे 13 कायदे एकत्र आले, त्यात हे दोन्ही आहेत, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती संहिता लागू झाली. एकाच संहितेखालचा एक कामगार प्रशिक्षणाशिवाय गेटच्या आत येत नाही आणि दुसरा थेट विसाव्या मजल्यावर, हे कुठल्या तर्कात बसवणार?

आता जरा आमच्या घरातलं. खाणीतलं सगळं आदर्श आहे आणि तुम्ही ते जसंच्या तसं उचला, असं मी सांगत बसलो तर आमचीच माणसं मला हसतील. कायम कामगाराला प्रशिक्षणाच्या दिवसांची हजेरी मिळते, त्यामुळे तो निवांत शिकतो. ठेकेदाराच्या माणसाला तितके दिवस बसवणं ठेकेदाराला परवडत नाही. मग काय होतं? माणसं गाडीतून येतात, पहिल्या दिवशी फोटो, दुसऱ्या दिवशी पुढच्या सगळ्या दिवसांच्या रकान्यांत अंगठे आणि सह्या, आणि वर्ग चालू आहे असं कागदावर दिसत असताना त्यातला एखादा रात्रपाळीत टिपर चालवत असतो. हे कुठं घडलं ते मी लिहिणार नाही. या धंद्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. डिसेंबर 2016 मध्ये झारखंडमधल्या 'राजमहल' या उघड्या खाणीत मातीचा डोंगर घसरून 23 माणसं गेली. ठेक्यावरची माणसं होती. त्यांच्या कागदपत्रांत काय होतं ते मला ठाऊक असण्याचं कारण नाही. मला एवढंच कळतं की उघड्या खाणीत बेंचला, म्हणजे खणत जाताना ठेवलेल्या पायरीला, भेग पडताना सगळ्यात आधी ती तिथं काम करणाऱ्याला दिसते. तो ती ओळखायला शिकलेला असला पाहिजे, आणि ओळखल्यावर 'साहेब, मी खाली जात नाही' म्हणायची त्याची टाप असली पाहिजे. यातलं पहिलं प्रशिक्षणानं येतं. दुसऱ्यासाठी नव्या संहितेनंही कामगाराला धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क दिलेला आहे. तो हक्क आहे हे त्याला सांगणार कोण? वर्गातच सांगायला हवं, आणि तेही मुकादमाला शेजारी बसवून.

तेव्हा आमच्याकडून घ्यायचं ते नीट निवडून घ्या. गेटवर विचारायची पद्धत घ्या. सरावाची गॅलरी घ्या. कागदाची फॅक्टरी आमच्याकडेच राहू द्या.

मंडळाकडे पैसा आहे. बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर याच माणसांच्या घामावर गोळा होतो. त्यातून प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी रोख द्या, नाक्यावर जो दर चालू असेल त्या दरानं. मजुरी दिली नाहीत तर वर्ग भरतील ते फक्त रजिस्टरमध्ये. आणि मजुरी मिळवायला एजंटाच्या दुकानातून जावं लागलं, तर अर्धी तिथंच जिरेल, हेही धरून चाला.

वर्ग साइटवर घ्या. तालुक्याच्या सभागृहात परांची कुठून आणणार? मोठ्या साइटवर एक कोपरा मागून घ्या: दोन मजली सरावाची परांची, दीड मीटरहून खोल एक चर, एक उघडा डक्ट, म्हणजे पाइपांसाठी मजल्यांतून सोडलेली पोकळी. चराच्या काठावर त्या पोराला उभं करून सांगा, की एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, आणि छातीपर्यंत दबलेल्या माणसाचं डोकं बाहेर असलं तरी त्याला श्वास घेता येत नाही. मग त्यालाच त्या चराला फळ्यांचा आधार लावायला सांगा. परीक्षा तोंडी आणि हातानं. लिहिता-वाचता न येणारा माणूस नापास होऊ नये, आणि हूक चुकीच्या जागी लावणारा पदवीधर पास होऊ नये.

भाषा ही दुसरी अडचण. पुण्या-मुंबईच्या साइटवर निम्मी माणसं बिहार, झारखंड, छत्तीसगड, तेलंगणाची. आमच्या व्हीटीसीत मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी अशी मिसळ चालायची आणि काम निघायचं, कारण शिकवणारे खाणीतूनच आलेले होते. महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि तिकडे जाणाऱ्यांना जर्मन शिकवायची तयारी सुरू झाली. चांगलंच आहे. फक्त एवढंच मनात येतं, की स्टुटगार्टला जाणाऱ्याला जर्मन शिकवता येतं, तर हिंजवडीत आलेल्याला 'खाली वाक, वर लोड आहे' एवढं छत्तीसगढीत सांगायला काय हरकत आहे?

परवान्याचा मुद्दा मात्र बिगाऱ्याच्या वर्गात मिसळू नका. टॉवर क्रेनवाला, लिफ्टवाला, परांची बांधणारा, लोड बांधणारा रिगर, यांच्या एका चुकीनं दुसऱ्याचा जीव जातो. त्यांना आमच्या सरदारासारखी वेगळी परीक्षा हवी. आखाती देशांत जाणारा आपलाच रिगर तिकडच्या कंपनीसाठी तपासणी संस्थेचं कार्ड काढतो, पैसे भरून. तोच माणूस परत येऊन नवी मुंबईत उभा राहिला की त्याला कार्ड कुणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियात साइटवर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाला व्हाइट कार्ड लागतं, प्रशिक्षण एका दिवसाचं असतं, आणि एका राज्यात काढलेलं कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं. आपल्याकडेही परवाना कामगाराच्या नावावर आणि त्याच्याच खिशात असला पाहिजे. ठेकेदाराच्या फायलीत राहिला, तर काम सोडताना तो ओलीस राहतो. हे आम्ही खाणीत भोगून झालंय.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. प्रशिक्षण नाही म्हणून कुणाचा लाभ अडवू नका. मेलेल्या मजुराच्या बायकोला "त्याचं कार्ड दाखवा" असं विचारलं जाईल, अशी योजना करण्यापेक्षा योजना नसलेली बरी. बंधन बिल्डरवर टाका. अप्रशिक्षित माणूस साइटवर सापडला तर दंड साइटला.

शिकवणारी माणसं कुठून आणायची, असं विचाराल. 2023 च्या नोव्हेंबरात उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात 41 मजूर 17 दिवस अडकले होते. परदेशी यंत्र अडकून पडल्यावर शेवटचे काही मीटर हातानं खणून त्यांना बाहेर काढलं ते उंदराच्या बिळासारखी अरुंद वाट हातानं खणायच्या रॅट-होल पद्धतीनं काम करणाऱ्यांनी. त्यांच्याकडे कुठला डिप्लोमा होता? मेघालयात त्या पद्धतीच्या कोळसा खाणींवर हरित लवादानं 2014 मध्येच बंदी घातली, आणि ती बरोबरच होती. पण हातातलं ज्ञान बंदीनं जात नाही. आमच्या चंद्रपूर-यवतमाळ-नागपूर पट्ट्यात निवृत्त सरदार आणि ओव्हरमन गावोगाव बसलेले आहेत. बीपीची गोळी घेतात, पेपर वाचतात आणि नातवाला शाळेत सोडतात. त्यांना परांची आणि सेंट्रिंगचं शिक्षण द्यावं लागेल, ते आठवड्याभरात होईल. नव्या माणसाला धोका कसा दाखवायचा, हे मात्र त्यांना शिकवावं लागणार नाही. तुमच्या अनुभवी मिस्त्र्यांबरोबर त्यांची जोडी लावा.

बायकांचं वेगळं सांगतो, कारण प्रत्येक योजनेत त्या शेवटच्या ओळीत येतात. साइटवर विटा, वाळू, माल वाहणाऱ्यांत निम्म्या बायका. साडीवर हार्नेस बसत नाही, मांडीचे पट्टे लावायचे कसे हा साधा प्रश्न कुणी सोडवलेला नाही. मग त्यांना बिनपट्ट्याचंच वर पाठवतात. त्यांच्यासाठी शर्ट-पँटचा किंवा सलवारीचा गणवेश संचातच द्या, आणि शिकवणारी बाई ठेवा. आणि प्रशिक्षणाच्या दिवसांत पोरं सांभाळायला जागा नसेल, तर त्या येणार नाहीत. आल्या तरी त्यांचं अर्धं लक्ष वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळणाऱ्या लेकराकडे असेल.

शेवटी वेळेचं. मंडळानं हे मनावर घेतलं तरी माझी खात्री आहे की पहिला वर्ग मार्चमध्ये लागेल, कारण मार्चमध्ये निधी संपवायचा असतो. तसं करू नका. आमच्याकडची माणसं पेरणीला गावी असतात, दिवाळी झाली की गाड्या भरून निघतात, आणि नोव्हेंबरच्या शेवटी पुण्या-ठाण्याच्या साइटवर पोचतात. पहिल्याच आठवड्यात त्यांना सगळ्यात अवघड जागी पाठवलं जातं, कारण जुनी माणसं तिथं जायला नको म्हणतात. पहिले वर्ग त्याच आठवड्यात लावा. येत्या दिवाळीपर्यंत पाच-सहा मोठ्या साइट निवडल्यात, तरी आमच्याकडून शिकवणारे द्यायची जबाबदारी मी घेतो. त्यांची यादी करायला मी सुरुवात केली आहे. वयाची अट साठ ठेवू नका, एवढंच.

कळावे,
आपला,
एक निवृत्त ओव्हरमन,
बल्लारपूर, जि. चंद्रपूर